परत फिरायची सोय

जावयानं काही विकत घ्यायचं ठरवलं, तर सासऱ्यानं त्यात तोंड घालू नये, असा आमच्या घराण्याचा जुना नियम. माझ्या सासऱ्यांनी तो माझ्या बाबतीत कसोशीनं पाळला. मी हप्त्यानं स्कूटर घेतली तेव्हा ते फक्त 'रंग बरा आहे' एवढंच म्हणाले होते. तो नियम मोडायची पाळी माझ्यावर आली ती घरापासून हजारो मैलांवर, अलास्कातल्या फेअरबँक्स गावी. आणि खरेदीही अशी, की पस्तीस वर्षांच्या बँकेतल्या नोकरीत तसला अर्ज माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. जावयाला आपल्या छोट्या विमानासाठी स्की घ्यायच्या होत्या.

आम्ही दोघं ऑक्टोबरात तिथं पोचलो. सहा महिन्यांचा मुक्काम. लेक आणि जावई तिथल्या विद्यापीठात, नात सात वर्षांची. तिथं माणसांना विमानाचं अप्रूप नाही. आपल्याकडे दारात मोटारसायकल उभी असते तशी त्यांच्या ओळखीपाळखीत कुणाकुणाची विमानं. अलास्कातल्या बहुतेक गावांना बाहेरून येणारा रस्ताच नाही. राजधानी जुनोला जायचं तरी बोटीनं किंवा विमानानं. तेव्हा चार आसनांचं जुनं सेस्ना बाळगणं ही तिथं चैन असली, तरी श्रीमंती नव्हे. जावयाचं विमान 'सेस्ना 170' जातीचं, वयानं माझ्यापेक्षाही मोठं. पुढे दोन चाकं, शेपटीखाली एक लहान चाक, 145 अश्वशक्तीचं इंजिन.

पोचल्यावर आठवड्याभरातच एका सकाळी, जावई कामावर गेल्यावर, लेक चहाचा कप घेऊन समोर बसली. म्हणाली, "बाबा, तो स्की घेतोय. तुम्ही त्याला सांगा, नको म्हणून."

मी म्हटलं, "अगं, मला त्यातलं काय कळतं?"

"कळायला कशाला हवं? तुमचं तो ऐकतो."

मग तिनं जे सांगितलं ते आम्हाला फोनवर कधी सांगितलेलं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात जावई एका मित्राच्या विमानातून एका गोठलेल्या तळ्यावर उतरला होता. वरून सगळं पांढरंशुभ्र, सपाट. उतरल्यावर स्की खाली गेल्या आणि बर्फाखालून पाणी वर आलं. रात्रीत ते पाणी गोठलं आणि विमान जागच्या जागी चिणलं गेलं. दोघांनी कुऱ्हाडीनं बर्फ फोडत दोन रात्री काढल्या. उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र जवळ होतं, 'ठीक आहोत' असा निरोपही येत होता. "पण बाबा," लेक म्हणाली, "ठीक आहोत म्हणजे काय ते बाहेर उणे तीस असताना घरात बसून कळत नाही."

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी कपाकडे पाहिलं.

'नको' म्हणणं या गोष्टीशी माझं जुनं वाकडं आहे. ते इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. 1989 साली मराठवाड्यातल्या एका शाखेत मी शेतीकर्जाचा अधिकारी होतो. सात एकर कोरडवाहू जमीन असलेला एक शेतकरी ट्रॅक्टरचं कर्ज मागायला आला. उमदा माणूस. त्याचा हिशेब असा, की आपली सात एकरं नांगरून झाली की गावातली आणखी शंभर एकरं भाड्यानं नांगरू. हिशेब कागदावर बरोबर होता. पण तो चांगल्या पावसाच्या वर्षाचा होता. मला ते दिसत होतं. वरून उद्दिष्टाचा तगादा होता, माणूस आवडला होता, आणि समोर बसलेल्या माणसाचा उत्साह मोडणं माझ्या स्वभावात नाही. मी शिफारस केली. पुढे पाऊस चुकला, हप्ते थकले, ट्रॅक्टर जप्त होऊन लिलावात गेला आणि जमिनीतली दोन एकरंही गेली. काही वर्षांनी तो मला एका एस. टी. स्टँडवर भेटला. रागावलेला नव्हता, त्यानं चहासुद्धा पाजला. उठताना एवढंच म्हणाला, "साहेब, तुम्ही तेव्हा नाही म्हणाला असतात तर बरं झालं असतं. मला नाही म्हणणारं कुणी नव्हतं."

कादंबऱ्या लिहिल्या, पण हे वाक्य कुठल्या पात्राच्या तोंडी घालायचं धाडस मला झालेलं नाही.

तेव्हा मी लेकीला म्हटलं, "नको म्हणायचं की नाही ते नंतर बघू. आधी प्रकरण समजून घेतो." बँकेत कुठलाही अवघड निर्णय पुढे ढकलण्याची हीच पद्धत असते. पण या वेळी मी खरोखरच समजून घ्यायचं ठरवलं.

जावयाच्या शेजारी एक म्हातारबुवा राहतात. सगळं आयुष्य विमानं उडवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांच्या शेडमध्ये लाकडाची शेगडी सतत पेटलेली. भिंतीशी जुन्या स्कींच्या जोड्या उभ्या, आपल्याकडे परसात नांगर-कुळव टेकवून ठेवावेत तशा. तिथं पिंपावर बसून मी माझं शिक्षण सुरू केलं.

हिवाळ्यात विमानाला बर्फावर उतरवायचं तर तीन तऱ्हा आहेत. पहिली सगळ्यात जुनी आणि सोपी. चाकं काढून टाकायची आणि त्या जागी सरळ स्की बसवायच्या. वजन कमी, किंमत कमी, आणि भुसभुशीत खोल बर्फावर यांच्यासारखं काही नाही. वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरलं की वस्तू रुतत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. चिखलात फळी टाकून चालणाऱ्याला ते कुणी शिकवावं लागत नाही. तोटा असा, की बर्फ नसलेल्या डांबरी धावपट्टीवर उतरायची सोय संपली. शिवाय ब्रेक नाहीत. स्कीला ब्रेक कुठून असणार? विमान थांबेल तेव्हा थांबेल.

दुसरी तऱ्हा हायड्रॉलिक चाक-स्कीची. चाकं जागच्या जागी राहतात, आणि स्की तेलाच्या दाबानं वर-खाली होतात. वैमानिक बसल्या जागेवरून पंपाचा दांडा मारतो. स्की खाली घेतल्या की बर्फावर उतरा, वर घेतल्या की चाकांवर डांबरावर उतरा. दोन्ही जग आपली. पण पंप आला, नळ्या आल्या, गळती आली, वजन आलं, आणि किंमत अशी की ऐकून मी शेगडीजवळ सरकलो.

तिसरी तऱ्हा या दोहोंच्या मधली. स्कीला मध्ये एक खाच असते आणि चाक त्या खाचेतून खाली थोडंसं डोकावत राहतं. तिला पेनिट्रेशन स्की म्हणतात. हलणारा भाग नाही. साफ केलेल्या धावपट्टीवर विमान चाकांवर पळतं, ब्रेकही लागतात. बर्फावर चाक आत रुततं आणि भार स्कीवर येतो. तोटा एवढाच, की ते रुतलेलं चाक खोल बर्फात ओढ धरतं. ताकदवान इंजिनाला त्याचं काही वाटत नाही, 145 अश्वशक्तीला वाटतं.

"मग यातली चांगली कुठली?" मी विचारलं.

म्हातारबुवा हसले. "तुम्ही बँकेत होतात ना? सगळ्यात चांगलं कर्ज कुठलं?"

मी गप्प झालो. हा प्रश्न आयुष्यभर मीच इतरांना विचारत आलो होतो. कशासाठी हवं आहे ते कळल्याशिवाय उत्तर नाही.

त्यांनीच मग मला जुन्या गोष्टी सांगितल्या, आणि घरी येऊन मी त्या पुस्तकांत पडताळून पाहिल्या. फेब्रुवारी 1924 मध्ये कार्ल बेन आयल्सन नावाच्या माणसानं फेअरबँक्सहून मॅकग्राथला विमानानं टपाल नेलं. अलास्कातलं ते पहिलं हवाई टपाल. आयल्सन तिथल्या शाळेत मास्तर म्हणून आला होता. विमान उघड्या बैठकीचं, 'डी हॅविलंड' जातीचं, आणि त्याला स्की बसवलेल्या. कुत्र्यांच्या घसरगाडीला ज्या वाटेनं दोन-तीन आठवडे लागत, ती वाट त्यानं तीन तासांच्या आत कापली. सगळीकडे जयजयकार झाला. पण पुढच्या फेऱ्यांमध्ये उतरताना विमान मोडत गेलं आणि टपाल खात्यानं करार थांबवला. पुढच्याच वर्षी, 1925 च्या जानेवारीत, नोम गावात घटसर्पाची साथ आली. प्रतिविषाचं औषध पोचवायचं होतं. फेअरबँक्सला विमानं होती, पण हिवाळ्यासाठी सुटी करून ठेवलेली आणि उघड्या बैठकीची. जाणत्यांनी विचार केला आणि ते औषध कुत्र्यांच्या गाड्यांवर सोपवलं. वीस गाडीवानांनी हातोहात 674 मैल पार केले, साडेपाच दिवसांत. आयल्सननं पुढे 1928 मध्ये ह्युबर्ट विल्किन्सबरोबर उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावरून स्पिट्सबर्गेनपर्यंत उड्डाण करून नाव कमावलं. 1929 च्या नोव्हेंबरात सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ, बर्फात अडकलेल्या जहाजाकडे जाताना, त्याचं विमान पडलं. त्यात तो आणि त्याचा मेकॅनिक दोघेही गेले.

मला यात विशेष वाटलं ते त्या कुत्र्यांच्या निर्णयाचं. विमान असताना 'आज विमान नको' म्हणणारी माणसं त्या गावात होती. त्यांची नावं कुणाला पाठ नसतात.

हायड्रॉलिक चाक-स्कीची खरी गरज कुठं, तर डेनाली पर्वताच्या हिमनद्यांवर. 1951 साली अलास्का विद्यापीठाचे अध्यक्ष टेरिस मूर यांनी आपल्या छोट्या विमानातून ब्रॅडफर्ड वॉशबर्न यांच्या गिर्यारोहक तुकडीला काहिल्टना हिमनदीवर उतरवलं. आज दर वर्षी शेकडो गिर्यारोहक टल्कीट्ना गावच्या डांबरी धावपट्टीवरून चाकांवर उडतात आणि 7,200 फुटांवरच्या तळावर स्कींवर उतरतात. एकाच उड्डाणात डांबर आणि खोल बर्फ दोन्ही. तिथं दुसरी सोयच नाही. तो त्यांचा धंदा आहे आणि त्यांची इंजिनं दणकट आहेत.

आणि आमच्या जावईबापूंना हवी होती तीच, हायड्रॉलिक. एका रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मला कागद दाखवले. मी विचारलं, "कुठं कुठं जायचंय तुम्हाला?"

"बाबा, कुठंही जाता यावं ना. घेतोच आहे तर सगळं करता येईल अशीच घ्यावी."

मला सात एकरांचा तो शेतकरी आठवला. शब्दसुद्धा जवळजवळ तेच. मी चष्मा पुसला, नातीची चौकटीची वही मागून घेतली आणि म्हटलं, "चला, ताळेबंद मांडू."

विमानाचं हे एक बरं असतं, की त्याचा हिशेब पौंडात असतो आणि तो खोटा मांडता येत नाही. या विमानाचं सगळ्यासकट कमाल वजन 2,200 पौंड. कागदपत्रांप्रमाणे रिकामं विमान 1,340. उरले 860. टाक्यांतलं वापरता येणारं पेट्रोल 37 गॅलन, गॅलनला 6 पौंड, म्हणजे 222. उरले 638. दोन माणसं, जाड बूट-कोटांसह, 370. उरले 268. मग हिवाळ्याचं सामान. झोपायच्या जाड पिशव्या, बर्फावर चालायचे जाळीचे बूट, आठवड्याचं खाणं, कुऱ्हाड, दोर, इंजिनावर घालायची गोधडी, इंजिन गरम करायची शेगडी. यातल्या बऱ्याच वस्तू विमानात असल्याच पाहिजेत असं तिथल्या कायद्यातच अनेक वर्षं लिहिलेलं होतं. ते धरलं 120. उरले 148.

आता स्की. त्यांनी पसंत केलेली हायड्रॉलिक जोडी, पंप आणि शेपटीच्या स्कीसह, साधारण 130 पौंड वाढवणार होती. शिल्लक 18. पेनिट्रेशनची जोडी 60 वाढवणार, शिल्लक 88. सरळ स्की, चाकं काढल्यामुळं, जेमतेम 30, शिल्लक 118.

जावई वहीकडे बघत राहिले. मी म्हटलं, "अठरा पौंड शिल्लक म्हणजे नातीला कधी बरोबर न्यायचं नाही. नेलीत तर पेट्रोल कमी भरणार. एकशे तीस पौंड म्हणजे जवळजवळ बावीस गॅलन. ताशी आठ गॅलन धरले तर पावणेतीन तासांचं उड्डाण. उद्या परत यायला उशीर झाला, वाट बदलावी लागली, तर हे पावणेतीन तास हवेत असतील की स्कीच्या पंपात?"

लेक ओट्याशी भांडी आवरत होती. तिचा हात थांबल्याचं मला पाठमोरंही कळलं.

जावई बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे सरळ स्की घेऊ? फेअरबँक्सच्या विमानतळावर हिवाळ्यात स्कीसाठी वेगळी पट्टी असते. निघायची-उतरायची अडचण नाही."

मला इथं अडखळायला झालं. आकडे तर सरळ स्कीच्याच बाजूनं होते. स्वस्त, हलक्या, खोल बर्फात उत्तम. मी म्हटलं, उद्या म्हातारबुवांना विचारू.

म्हातारबुवांनी वही पाहिली, बेरजा-वजाबाक्या तपासल्या आणि म्हणाले, "सगळं बरोबर आहे. एक रकाना राहिला. तळ्यावर उतरता आलं नाही तर कुठं जाणार?"

आम्ही दोघे गप्प.

"सरळ स्कीवर तुम्हाला बर्फच शोधावा लागणार. फेअरबँक्सवर हवा बिघडली तर आजूबाजूच्या गावांतल्या साफ केलेल्या धावपट्ट्या तुमच्या उपयोगाच्या नाहीत. मार्चमध्ये तर त्या उघड्या पडायला लागतात. या इंजिनाला आणि या माणसाला," त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, "चाक खाली डोकावत असलेलं बरं. खोल बर्फात जाता येणार नाही. मग जाऊ नका. मित्राला सांगा, बर्फावरच्या स्कूटरनं तळ्यावर चार फेऱ्या मारून पट्टी दाबून ठेव."

तो राहिलेला रकाना मला रात्रभर झोपू देईना. कर्जाच्या अर्जात आम्ही उत्पन्न विचारायचो, तारण विचारायचो, जामीनदार विचारायचो. 'पाऊस पडला नाही तर काय कराल' हा रकाना छापील अर्जात नव्हता. तो हातानं लिहायला मला कुणी मनाई केलेली नव्हती.

पेनिट्रेशनच्या स्की ठरल्या. एक वापरलेली जोडी मिळाली. त्या त्याच जातीच्या विमानाला, तेवढ्याच वजनाला चालतात असं मंजुरीपत्र लागतं, आणि जोडणी झाल्यावर अधिकार असलेल्या मेकॅनिकची सही लागते. जोडणी म्हातारबुवांच्या शेडमध्येच झाली. तेव्हा कळलं की स्की विकत घेणं सोपं, ती बांधणं अवघड. हवेत असताना स्कीचं नाक वर राहायला हवं. त्यासाठी पुढून रबरी दोर ताणून बांधतात. तो तुटलाच तर नाक खाली पडून वारा स्कीला मुडपून टाकील, म्हणून पुढे-मागे पोलादी तारांचे आवर घालतात. म्हातारबुवांनी जुन्या तारेचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. सात-आठ धाग्यांपैकी एक धागा तुटलेला. "ही बदलायची," ते म्हणाले. मी म्हटलं, "एकच तर धागा तुटलाय." ते म्हणाले, "एक दिसतोय."

स्कीच्या तळाला आता चिवट प्लॅस्टिकचे पत्रे बसवतात, म्हणजे बर्फ चिकटत नाही. तरी घर्षणानं तळ कोमट होतो, बर्फ विरघळतो आणि विमान उभं राहिलं की तेच पाणी गोठून स्की जमिनीला चिकटवून टाकतं. म्हणून स्कीखाली झाडाच्या फांद्या घालून विमान उभं करतात. ढगाळ दिवशी पांढऱ्यावर पांढरं दिसेनासं होतं, जमीन किती खाली आहे तेच कळत नाही. अशा वेळी काठावरच्या झाडांच्या आधारानं उतरायचं, नाहीतर वरून फांद्या टाकून खूण करायची. नातीनं हे सगळं माझ्याआधी पाठ केलं.

मधला हिवाळा मी इथं सांगत नाही. डिसेंबरात चार तासांहूनही कमी उजेड असतो, आणि उणे चाळीसला सेल्सियस आणि फॅरनहाइट यांतलं भांडण मिटतं, एवढंच सांगतो. जावई त्या काळात उडाले नाहीत.

मार्चच्या मध्याला, आमच्या परतीच्या दोन आठवडे आधी, जावई म्हणाले, "बाबा, येता?" हिनं नजरेनंच नको म्हटलं. लेक काही बोलली नाही. मी गेलो. जाण्याआधी इंजिन तासभर शेगडीनं तापवलं. माझ्या अंगावर एवढे कपडे होते की मला आत ढकलावं लागलं.

तळं साठेक मैलांवर. वरून ते जेवणाच्या पाटासारखं स्वच्छ दिसत होतं. मित्रानं दाबून ठेवलेल्या पट्टीवर त्या आठवड्यात नवा बर्फ पडला होता. जावयांनी एक घिरटी घातली, वारा पाहिला आणि विमान खाली आणलं. स्की टेकल्या, खरखर झाली. मला वाटलं, उतरलो. तेवढ्यात इंजिनाचा आवाज वाढला आणि आम्ही पुन्हा वर. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं.

"उतरलो नाही बाबा. नुसत्या रेघा ओढल्या. आता बघू या."

वळून पुन्हा तळ्यावरून गेलो. खाली स्कीच्या दोन समांतर रेघा दिसत होत्या. जिथून सुरू झाल्या तिथं पांढऱ्या. मधोमध त्या करड्या होत चालल्या होत्या. आम्ही पाहता पाहता शाईच्या टिपकागदासारख्या गडद झाल्या.

"पाणी," जावई म्हणाले. "नव्या बर्फाचं वजन पडलं की गोठलेला थर दबतो, भेगांतून पाणी वर येतं. वरचा बर्फ गोधडीसारखा, त्यामुळं ते गोठतही नाही." थोडं थांबून म्हणाले, "गेल्या वर्षी आम्ही रेघा ओढल्या नव्हत्या."

तळ्याकाठी मित्राच्या झोपडीच्या धुराड्यातून धूर निघत होता. तो बाहेर येऊन हात हलवत होता. नातीनं त्याच्यासाठी दिलेला चिवड्याचा डबा माझ्या मांडीवर होता. एवढं जवळ. जावयांनी पंख हलवून त्याला निरोप दिला आणि नाक वळवलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यावर हळहळ होती, पण घासाघीस नव्हती. समोर माणूस हात हलवतोय आणि आपण 'आज नाही' म्हणतोय, हे मला उभ्या आयुष्यात जमलेलं नव्हतं.

परतताना आम्ही नेनाना गावी उतरलो. साफ केलेली धावपट्टी, चाकांवर, ब्रेक लावून. सरळ स्की असत्या तर तिथं उतरायचा विचारही करता आला नसता. नदीवर लाकडी तिकाटणं उभं केलेलं होतं. 1917 पासून तिथं पैज लागते, नदीवरचा बर्फ वसंतात नेमका कोणत्या दिवशी, किती वाजता फुटेल याची. लोक तिकिटं घेतात. मी जावयाला म्हटलं, "बर्फावर पैज लावायचीच असेल तर अशी लावावी. काठावर उभं राहून." ते मोठ्यानं हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांना 'अरे' म्हणालो, "अरे, चिवडा खाऊ या आता."

घरी आल्यावर लेकीनं काही विचारलं नाही. ताटं मांडली. जेवणानंतर जावयांनी उड्डाणांची नोंदवही भरायला घेतली. वैमानिक तीत उड्डाणं लिहून ठेवतात, निघाल्याची जागा, उतरल्याची जागा, वेळ. शेरा लिहायच्या रकान्यात त्यांनी एक ओळ लिहिली आणि वही तिच्याकडे सरकवली. 'तळ्यावर पाणी. उतरलो नाही.' तिनं ती वाचली. पुन्हा वाचली. मग वही मिटून तिच्यावर हात ठेवून बसली.

रात्री ती माझ्या खोलीत आली. म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला नको म्हणाला नाहीत."

"नाही म्हणालो."

"भीती गेलेली नाही माझी."

"जायची नाही," मी म्हटलं. "तुझ्या आईची माझ्या स्कूटरबद्दलची अजून गेलेली नाही. पण आज तो माझ्यासमोर परत फिरला. मला वाटतं, तेवढ्यावर कर्ज द्यायला हरकत नाही."

ती हसली आणि दिवा मालवून गेली.

परतीच्या प्रवासात मी ती चौकटीची वही बरोबर आणली. ताळेबंदाच्या खाली, म्हातारबुवांनी सांगितलेल्या त्या राहिलेल्या रकान्याचं शीर्षक नातीनं आपल्या वळणदार मराठी अक्षरांत लिहिलंय. तिला मी सांगितलं तसं. 'नाही जमलं तर कुठे?' बँकेत होतो तेव्हा ही वही माझ्याकडे असती, तर त्या एस. टी. स्टँडवरचा चहा मी अधिक स्वस्थपणे प्यायलो असतो.